केळशीला अजून कळवलेलं नाही

आक्का, मंदाताईंचा फोन आज पुन्हा वाजून बंद झाला. मी उचलला नाही. मशीनवर ब्लाऊज होता, बाही जोडत होते, मधेच सोडली तर शिवण सरकते, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं तर बाही केव्हाच जोडून झाली होती आणि मी नुसतीच पायडलवर पाय ठेवून बसले होते.

तुम्ही गेल्याचं तुमच्या सासरी, पालीत, सकाळीच कळलं. भोरला आम्हाला त्यानंतर थोड्या वेळाने, आणि दुपारपर्यंत कामथडीची तुमची मावसबहीण रडत दारात आलीसुद्धा. पण घाटाखाली कुणी कळवलेलं नाही. तिकडे केळशीत, मंदाताईंच्या घरात, तुम्ही अजून आहात. येत्या पुनवेला पालीच्या बायका घेऊन तुम्ही वेळासहून चालत येणार आहात, त्यासाठी त्यांनी मागची पडवी मोकळी करून ठेवली आहे, आणि मी फोन उचलला की त्या पहिल्यांदा तुमचंच विचारणार. सांगायचे शब्द काही अवघड नाहीत, गेले काही दिवस मी तेवढेच बोलतेय. पण तिकडे सांगितलं की मग तुम्ही कुठेच उरत नाही.

दमलेय मी, आक्का. रडून माणूस इतका दमत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी दमले. कशाने गेल्या म्हणून विचारतात, मी सांगते, आणि ते ऐकून प्रत्येकजण आपापल्या घरच्यांच्या दुखण्यांची नावं घेतो. मग मीच त्यांना धीर देते. शेवटी चहा. चहाची पातेली घासताना मनात येतं, आता आक्काला सगळं सांगायला पाहिजे, कोण काय बोललं ते. तुम्ही नक्कल करून दाखवली असती आणि हसून हसून ठसका लागला असता. असं दिवसातून दोनदा-तीनदा होतं. तेवढ्यानेच जास्त दमायला होतं.

तुम्ही माझ्या नणंद. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझी पहिली भाकरी हातात घेऊन, उलटी-सुलटी करून तुम्ही म्हणाला होतात, "हिला कडा हाय का न्हाई?" मी ते विसरले नाही आणि तुम्ही कधी माफीही मागितली नाहीत. पुढची कित्येक वर्षं आपण दोघी तशाच होतो. तुम्ही माहेरी आलात की मी डबे पुसून ठेवायची. मी पालीला आले की तुम्ही मला कामाला जुंपायचात. राजगडावर येणाऱ्या पोरांसाठी तुम्ही पिठलं-भाकरीचं जेवण करायचात, शनिवार-रविवारी चुलीला उसंत नसायची. त्या पोरांच्या पाठीवरच्या पिशव्या बघून तुम्ही एकदा मला विचारलंत, "ही येवढी चालत्यात कशापायी गं? ह्यांना कुनी लावलंय का चालायला?" मी म्हटलं, हौस असते. तुम्ही परातीतलं पीठ मळत राहिलात. तेव्हा मला कळलं नाही, पण बहुतेक तिथेच ते सुरू झालं.

दर मार्चात आपण सगळे महाडला तळ्यावर जायचो. वस्तीतल्या लोकांनी मिळून टेम्पो करायचा, वरंधा उतरायचा, तळ्याला जाऊन पाणी ओंजळीत घ्यायचं, सभा ऐकायची आणि परत. एका वर्षी परतीच्या टेम्पोत बसायच्या वेळी तुम्ही पुलावर उभ्या राहिलात. खालून सावित्री चालली होती. तुम्ही कुणालातरी विचारलंत, हे पाणी पुढं कुठं जातं. तो म्हणाला, बाणकोटला, समुद्रात. टेम्पोत तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसलात आणि घाट चढेपर्यंत मागेच बघत राहिलात. मग म्हणालात, "सुमन, आपुन दरसाली हितनंच माघारी फिरतो."

एवढंच. त्या एका वाक्यावर आपण चालायला लागलो.

बेत करायला आपली जागा कापूरहोळ. तुम्ही पालीहून जी मिळेल त्या गाडीने नसरापूर, तिथून पुढे फाट्यावर. मी भोरहून एसटीने. घरात बेत केला की घरचे त्यात हात घालतात, हे तुमचं म्हणणं आणि ते शंभर टक्के खरं होतं. म्हणून त्या पंक्चरवाल्याशेजारच्या हॉटेलात, हवा भरायच्या मशीनच्या फटफटीत, आपण ओरडून ओरडून समुद्राच्या गोष्टी करायचो. टेबलावर तुम्ही नकाशा मांडायचात. मिरचीचे देठ म्हणजे खाड्या. चमचा म्हणजे रस्ता. भजी म्हणजे किल्ले. हा बाणकोट, हे हर्णै, ह्याच्याम्होरं पाण्यात त्यो सुवर्णदुर्ग. मग चहा येईपर्यंत तुम्ही एकेक किल्ला खाऊन टाकायचात आणि मी विचारायची, आक्का, आता मुक्काम कुठे करायचा? हॉटेलवाल्याला वाटायचं आपण जमिनीच्या वाटण्या करतोय. एकदा तो मध्ये पडून समजावायलासुद्धा आला होता.

पहिल्या खेपेची फजिती तर तुम्ही सगळ्या तालुक्याला सांगितलीत, पण प्रत्येक वेळी चूक माझी करून. आज मी खरं सांगते. वेळासहून निघालो, मधली खाडी एका मच्छीमाराच्या होडीतून ओलांडली, आणि केळशीच्या किनाऱ्यावर आलो. पाणी पार लांब गेलेलं. ओली, घट्ट वाळू. कोरड्या वाळूत भाकरीत कचकच येते म्हणून बोचकं खाली ओल्यात ठेवायचं तुम्ही ठरवलंत. मी म्हटलं, पाणी आलं तर? तुम्ही भाटघर धरणाच्या काठावर वाढलेल्या. धरणाचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या गाळात तुमच्या घरी पेरणी व्हायची, पीक निघायचं, आणि पाणी परत चढायचं ते पावसाळ्यातच. तुम्ही त्या ओल्या रेघेकडे एकदा बघितलंत आणि मला म्हणालात, "उतरलंय ह्ये. आता जेष्ठापातूर काय येत न्हाई."

समुद्र ज्येष्ठापर्यंत थांबला नाही. आपण किनाऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आलो तर बोचकं नव्हतं, चपला नव्हत्या, वाळूही नव्हती. तुम्ही पाण्याकडे अशा बघत होतात जणू सख्ख्या माणसाने फसवलं. आणि वरच्या बाजूला सुरूच्या झाडीत एक बाई पोट धरून हसत उभी होती, तिच्या हातात आपलं गळकं बोचकं. त्या मंदाताई. त्यांनी विचारलं, "कुठून आलात गो बायांनो?" आणि तुम्ही अख्ख्या कोकणाला उत्तर द्यावं तशा म्हणालात, "धरणावरनं."

त्यांनी घरी नेलं. कोरडी लुगडी दिली. भात वाढला, कालवण वाढलं, आणि जेवता जेवता भरती-ओहोटीचा हिशोब शिकवला, की जी तिथी असेल तिच्या पाऊणपट वाजले की भरती. इथे तुमचा घास थांबला. मामंजींनी, म्हणजे तुमच्या वडिलांनी, आप्पांनी, धम्म घेतला तेव्हा ठरवून टाकलं होतं की तिथी आणि मुहूर्त विचारायला या घरातलं माणूस पुन्हा कुणाच्या दारात उभं राहणार नाही. तुम्ही तो शब्द इतका पाळलात की पोरीच्या लग्नाला सोयीचा रविवार बघितलात आणि पाहुण्यांना तसं ठणकावून सांगितलंत. तुम्ही मंदाताईंना म्हणालात, "आमी तिथी बघत न्हाई." मंदाताईंनी वाद घातला नाही. "मग चंद्र बघता का?" "चंद्र बघतो की," तुम्ही म्हणालात, "त्यो काय कुनाच्या बापाचा हाय?"

मग तसंच ठरलं. पुनवेच्या सकाळी पाणी सगळ्यात लांब जातं, तेव्हा चालायचं. दुपारी ते वर चढतं, तेव्हा बसायचं. अर्धा चंद्र असेल तर उलटं. मी मोबाईलवर भरतीच्या वेळा बघायची आणि तुम्ही पालीच्या अंगणात उभं राहून वर बघायचात, आणि मग फोनवर आपली हुज्जत. तुमची वेळ आणि माझी वेळ कधी जुळायची, कधी नाही. मोबाईलमध्ये काय लिहिलंय ते मी वाचून दाखवलं की तुम्ही म्हणायचात, "त्येला काय ठावं, त्यो खिशात आसतो." हा वाद संपला नाही. आता मोबाईल बरोबर असेल तरी सांगायचं कुणाला?

त्या दिवशी रात्रीचा मुक्काम मंदाताईंकडेच झाला. पडवीत अंथरुणावर पडल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "सुमन, तिनं नाव इचारलं, गाव इचारलं. आडनाव इचारलं न्हाई." मी म्हटलं, हो. तुम्ही कूस बदललीत आणि झोपलात. पुढे सगळ्या मुक्कामांचं आपलं गणित तेच झालं. दुसरे लोक खोली बघतात, संडास बघतात, मासे कसे करतात ते बघतात. आपण कोण कशाच्या आधी काय विचारतं ते बघायचो. जिथे पाणी द्यायच्या आधी आडनाव विचारलं, तिथे तुम्ही गोड बोलून पाणी प्यायलात, पैसे दिलेत आणि ते गाव पुन्हा चमच्याच्या वाटेवर आलं नाही. त्यामुळे आपल्या वाटा भलत्याच वाकड्या झाल्या. कुणी नकाशावर बघितलं तर विचारेल की या बायका सरळ का चालल्या नाहीत.

आणि तुमची टाकी. लोक किल्ल्यावर गेले की बुरुज बघतात, तोफ बघतात, समुद्राकडे तोंड करून फोटो काढतात. तुम्ही आधी टाकं शोधायचात. पाणी कुठं साठवत होते ते सापडल्याशिवाय तुम्हाला किल्ला बघितल्यासारखा वाटायचा नाही. सुवर्णदुर्गावर होडीतून गेलो, चारी बाजूंनी खारं पाणी, आणि आत गोड्या पाण्याचं टाकं. तुम्ही काठावर बसलात आणि उठायलाच तयार नाही. होडीवाला बाहेरून हाका मारतोय. मी म्हटलं, आक्का, चला, तो सोडून जाईल. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे की. हितं पानी हाय." राजगडाच्या पायथ्याला अर्धं आयुष्य काढलेली बाई, तुम्हाला बाकी कुठलाच किल्ला खरं म्हणजे पटायचा नाही. हर्णैच्या काठावरच्या तीन किल्ल्यांना मिळून तुम्ही पोरं म्हणायचात. पण टाक्यापुढे मान द्यायचात.

आपला एक नियम होता. वरंधा उतरेपर्यंत घरचं सगळं बोलून घ्यायचं, ह्यांची साखर, तुमच्या सुनेचा अबोला, माझ्या दुकानाचं भाडं. घाट उतरला की घर बंद. मग आपण नुसत्या चालायचो. तिथे तुम्ही माझी नणंद नव्हतात आणि मी तुमची भावजय नव्हते. ते काय होतं याला माझ्याकडे शब्द नाही. एकदा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर तुम्ही पुढे चालत होतात, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि मी मागून तुमच्या पायांच्या ठशांत पाय टाकत येत होते, उगाच, पोरीबाळींसारखी. तुम्ही वळून बघितलंत आणि तशाच पुढे चालत राहिलात. मला समुद्राचं फारसं काही नाही आक्का, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. मला खाऱ्या वाऱ्याने डोकं दुखतं, मासे मी नाइलाजाने खाते. मी यायची ती तुमच्याबरोबर चालायला मिळतं म्हणून. हे मी तुमच्या जिवंतपणी तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, लई झालं, चल.

म्हणूनच मी त्या दुसऱ्या गोष्टीला विरोध केला. गेल्या उन्हाळ्यात कापूरहोळला तुम्ही टेबलावर काहीच मांडलं नाहीत, हात पुसलेत आणि म्हणालात, यंदा बायका घेऊन जायचं. पालीतल्या. आपल्या वस्तीतल्याच नव्हेत, गावातल्यासुद्धा. पारूबाई येते म्हणते, तिची जाऊ येते म्हणते. मला ते मुळीच पटलं नाही. मी म्हटलं, आक्का, या बायका तुमच्या दारावरून रोज शेतात जातात. पाणी मागितलंय कधी कुणी? तुमच्या हातच्या भाकऱ्या पुण्याची पोरं खातात, ह्यांच्यातली एक तरी जेवलीय? तुम्ही म्हणालात, "म्हनून तर न्यायच्या. गावात त्यांना सासू बघती, दीर बघतो, भिंती बघत्यात. वाळूवर कोन बघतंय? तितं बसतील शेजारी." मी म्हटलं, मग बसू देत त्यांच्या त्या. त्यांना माणसात आणायचा मक्ता आपण का घ्यायचा? वर्षातले मला चार दिवस मिळतात. ते मी त्यांची शाळा घेण्यात नाही घालवणार.

तुम्ही चिडला नाहीत, तेच वाईट. चिडला असतात तर मी भांडले असते आणि मोकळी झाले असते. तुम्ही म्हणालात, "शाळा कुठं घ्यायची हाय. नुसतं चालायचं." आणि भज्यांची ऑर्डर दिलीत. दिवाळीनंतर मंदाताईंना फोन करून पडवी सांगून ठेवलीत. मला विचारलं नाहीत, आणि मी येणार नाही असंही तुम्ही धरलं नव्हतं.

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, पालीला, पारूबाई आली. मला वाटलं होतं, फोटोला फूल वाहून उभ्या उभ्या जाईल. गावातली माणसं तशीच आली आणि तशीच गेली, खोटं कशाला बोलू. पारूबाई बसली. वंदना चालू असताना सगळे हात जोडतील तेव्हा जोडायचे एवढं बघून बघून केलं तिने. मग जेवणाची पंगत बसली तशी माझ्याच शेजारी येऊन बसली, आणि भात दोनदा मागून घेतला. मी तिच्या ताटाकडे बघत होते हे तिला कळलं असणार. ती खाली मान घालूनच म्हणाली, "वैनी, आक्काचं ठरलेलं मोडायचं का वो?" मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, "म्या चप्पल घेतली हाय, चालायची. घरात अजून दावली न्हाई. गोठ्यात ठेवलीय."

तेवढ्याने काही माझं मत फिरलं नाही. एका पंगतीने काय होतं? तुम्ही होतात तेव्हा ती कुठे होती, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता, आणि तिथेच राहिला. पण गोठ्यात लपवलेली ती चप्पल माझ्या डोक्यातून जाईना. काल तिचा पुन्हा फोन आला. मी म्हटलं, पारूबाई, मला त्यातलं काही येत नाही. वाट आक्काला माहीत, मुक्काम आक्काचे. ती म्हणाली, "तुमी फकस्त म्होरं चाला. आमी मागनं येतो." आणि मग, "तुमी न्हाई आला तर मला कुनी सोडनार न्हाई."

मी ह्यांना सगळं सांगितलं. तुमचा भाऊ गेले कित्येक दिवस खिडकीशी बसून असतो, बातम्याही लावत नाही. ऐकून म्हणाले, "नको जाऊस. दगदग झेपायची नाही तुला. मंदाताईंना मी सांगतो फोनवर, दोन मिनिटांचं काम आहे." त्यांनी खरंच मोबाईल हातात घेतला आणि मी तो त्यांच्या हातातून काढून घेतला. मी म्हटलं, फोनवर नाही. त्या बाईने आमचं बोचकं पाण्यातून वर काढलं, आम्हाला घरात घेतलं, तिला फोनवर कशी सांगू? जाऊन सांगेन. चालतच जाईन, वेळासवरून, आक्का जाणार होत्या तशी.

 हे म्हणाले, "मयताचा सांगावा आपल्यात न्यायचा नाही. आप्पांनी बंद केलं ते."

मला हे माहीत होतं. तुम्हीच सांगितलं होतंत, केळशीहून आंजर्ल्याला चालताना. गावात कुणी गेलं की सांगावा तुमच्या आजोबांनी न्यायचा. ऊन असो, पाऊस असो, घरात स्वतःचं पोर तापाने फणफणलेलं असो. सोयऱ्यांची गावं पालथी घालायची, प्रत्येक ठिकाणी अंगणाच्या बाहेर उभं राहायचं, अमुक गेले म्हणून सांगायचं. आत रडारड सुरू व्हायची. त्या रडारडीत बाहेरच्याला पाणी द्यायचं कुणाला सुचणार, आणि सुचलंच तर वरून ओंजळीत. मग पुढचं गाव. मामंजींनी गावकीची कामं सोडली तेव्हा सगळ्यात आधी सोडलं ते हे. आणि तुम्ही त्या वाळूवर, पाण्यात पाय घालून, मला म्हणाला होतात, "आज्याचं पाय लोकांच्या मढ्यांपायी झिजलं. माजं माज्या हौसेनं झिजूदे." राजगडावर येणारी पोरं हौसेने का चालतात हे तुम्हाला का समजून घ्यायचं होतं, ते मला त्या दिवशी समजलं.  आपल्यात असलं बोलून दाखवायची पद्धतच नव्हती.

मी ह्यांना म्हटलं, ती दुसऱ्यांची माणसं होती आणि दुसऱ्यांचा हुकूम होता. हे आपलं माणूस आहे. मला कुणी पाठवत नाहीये.  ते उठले, मोरीत गेले, तोंड धुतल्याचा आवाज आला. नेहमीपेक्षा जास्त वेळ नळ चालू होता. बाहेर आल्यावर म्हणाले, "गुडघ्याला पट्टा बांधून जा."

आक्का, माझी इच्छा नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. मला अजून तुमचं ते म्हणणं मान्य नाही. बायका वाळूवर शेजारी बसतील आणि गावात आल्या की परत होत्या तशा होतील, असंच मला वाटतं, आणि माझं खरं ठरलं तर तुम्हाला ऐकवायलाही तुम्ही नाही. मला दमल्यासारखं होतंय, सकाळी उठल्यापासून. तुम्ही पुढे नसताना त्या किनाऱ्यावर कुठे बघून चालायचं हेही मला कळत नाही. पण पारूबाईला मी संध्याकाळी कळवलं, की पुनवेच्या आदल्या दिवशी सकाळी भोरच्या स्टँडवर या, आणि चप्पल आधी दोन दिवस घालून फिरा, नाहीतर नवी लागते. ती म्हणाली, "घरात इचारतील की, ही कुठली म्हनून." मी म्हटलं, मग सांगा.

आणि त्यानंतर मी मंदाताईंना फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला त्यांनी. "काय वो सुमनताई, फोन नाय, काय नाय. आक्कांनी पण उचलला नाय. येताव ना?" मी म्हटलं, येतोय. पुनवेला सकाळी वेळासहून निघू. त्या म्हणाल्या, "नवा तांदूळ आलाय, आक्कांना सांगा. त्यांना आवडतो." मी म्हटलं, बरं. माझा आवाज कसा होता मला माहीत नाही. त्यांनी काहीतरी ओळखलं असेल, कारण त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "या तुम्ही. आलात की बोलू."

तर असं ठरलंय. पुनवेच्या सकाळी पाणी लांब गेलेलं असेल, तेव्हा आम्ही त्या किनाऱ्यावर उतरू. बायकांना सुरूच्या सावलीत बसवून मी एकटी पुढे जाईन. मंदाताईंच्या दारात थांबणार नाही. आत जाईन, पाटावर बसेन, त्या देतील तो तांब्या घेऊन पोटभर पाणी पिईन, आणि मग त्यांना सांगेन की आक्का गेल्या.